साड्यांच्या फोटोसाठी ३५ हजारांत कॅमेरा आणि लाईट: काय घेऊ, काय टाळू?

इरकलवाली, नेरुळ

नमस्कार मंडळी. मी घरूनच इरकल, खण आणि थोड्या सुती साड्या विकते. माल इलकल आणि गुळेदगुड्डहून येतो, विक्री व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर. आत्तापर्यंत फोनवर भागवलं. पण हल्ली परत येणाऱ्या पार्सलांचा वैताग आलाय आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: "फोटोत रंग वेगळा होता." खोटं बोलत नाहीत त्या बायका. वांगी रंगाची साडी फोटोत सरळ निळी दिसते. राणी रंग असा पेटतो की त्यातले बुट्टेच गायब. आणि काळी चंद्रकळा म्हणजे धुऊन विटलेलं राखाडी लुगडं. संक्रांतीच्या आधी माझी सगळ्यात जास्त विक्री नेमकी त्याच साडीची असते, त्यामुळे हे परवडणारं नाही.

जागा सांगते. सिडकोचा जुना फ्लॅट. हॉल १४ बाय १०. एका टोकाला बाल्कनी, पूर्वेकडची. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. भिंती पिस्ता रंगाच्या (सासूबाईंची निवड, हा विषय घरात काढायचा नाही). बेडरूममध्ये मालाचे गठ्ठे, तिथे उभं राहायलाही जागा नाही. सकाळी ऊन आत येतं तेवढा वेळ फोटो बरे येतात, दुपारनंतर ट्यूबलाईट लावून. पावसाळ्यात तर दिवसभर संध्याकाळच. साडी डमीला नेसवते, कधी बहीण हाताशी असली तर तिला. घड्यांचे फोटो चटईवर.

बजेट सगळं मिळून ३५ हजार. वाशीत एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, नवा मिररलेस घ्या, सोबत ५० मिलिमीटरची लेन्स घ्या, रिंग लाईट मी फुकट देतो. माझं बजेट कॅमेऱ्यातच संपतंय म्हटल्यावर म्हणाला, हप्ते करून देतो.

तर कॅमेरा आधी की लाईट आधी? ५० ची लेन्स खरंच लागते का? रिंग लाईटवर भागेल का? फार तांत्रिक सांगू नका, पण कारण मात्र सांगा. नुसतं "हे घ्या" म्हटलं की मला पटत नाही.


एफ-आठ, ठाणे

ताई, मी ठाण्यात कॅटलॉगचं काम करतो. उल्हासनगर, भिवंडीच्या पार्ट्या, कुर्त्यांपासून चादरींपर्यंत सगळं. तुम्ही खोलीची मापं दिलीत हे फार बरं केलंत. इथे लोक कॅमेऱ्याचं मॉडेल विचारतात आणि खोलीबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. कपड्याच्या फोटोत पहिला खर्च खोली ठरवते, दुसरा लाईट, आणि उरलेल्या पैशात कॅमेरा. उलट्या क्रमाने गेलात की हप्ते भरूनही रंग तोच येतो.

आधी ५० च्या लेन्सचा हिशोब. बजेटमधल्या कॅमेऱ्यात सेन्सर (फोटो टिपणारी चिप) लहान असतो, कॅननचा साधारण २२.३ मिलिमीटर लांब. कॅमेरा उभा धरला की डमीची उंची या २२.३ मध्ये बसवायची. डोक्यावर आणि पायाखाली थोडी मोकळी जागा धरून साडेसहा फूट घ्या. साडेसहाला ५० ने गुणा, २२.३ ने भागा. साडेचौदा फूट आले. म्हणजे ५० च्या लेन्समधून नखशिखांत डमी हवी असेल तर कॅमेरा डमीपासून साडेचौदा फूट लांब पाहिजे. तुमचा अख्खा हॉल १४ फूट. त्यात डमी भिंतीपासून किमान तीन फूट पुढे हवी, नाहीतर सावली मागच्या पडद्यावर पडते. कॅमेऱ्यामागे तुम्हाला उभं राहायला दोन फूट. उरले नऊ. याच गणिताने नऊ फुटांत साधारण ३० मिलिमीटरची लेन्स लागते, आणि ती कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्समध्येच आहे. ५० मधून नऊ फुटांवरून चार फूट दिसेल. काठ, पदर, ब्लाऊजपीससाठी उत्तम. पण पहिली खरेदी नाही. किट लेन्सला लोक उगाच नाकं मुरडतात. लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवा, ट्रायपॉडवर लावा, फोनच्या पडद्यावर कुणालाही फरक सांगता येणार नाही.

आता रिंग लाईट. फुकट दिली तरी आणू नका, कारण घरात आली की वापरली जाते. कापडाचा पोत दिसतो तो सावलीमुळे. इरकलच्या काठाची वीण, खणातली बारीक नक्षी, धाग्याचा उठाव, हे सगळं बाजूने आलेल्या प्रकाशात उभं राहतं. रिंग लाईट लेन्सच्या भोवती, म्हणजे बरोबर समोर. ती सगळ्या बारीक सावल्या पुसून टाकते. चेहऱ्यासाठी ते गुण, कापडासाठी अवगुण. वर टिकली किंवा जरी असेल तर तिच्यात गोल गोल कडी दिसतात.

त्याऐवजी एक चांगला एलईडी व्हिडिओ लाईट, ६० वॉटच्या आसपासचा, एकाच रंगाचा, ५६०० केल्व्हिनचा (दिवसाच्या उजेडासारखा). गोडॉक्सचा एसएल ६० या वर्गातला सगळीकडे मिळणारा. घेताना दोनच गोष्टी पाहा. एक, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा वर. घरातल्या साध्या एलईडी बल्बचा सीआरआय ८० च्या आसपास असतो, आणि अशा बल्बांत सगळ्यात आधी मरतो तो लाल. खोक्यावर आर-९ चा आकडा दिलेला असेल तर तोही बघा, तो गडद लालसाठीच असतो. तुमचा अर्धा माल डाळिंबी, राणी, कुसुंबी. स्वस्त बल्बात तो विटकरीच दिसणार. दुसरी गोष्ट बोवेन्स माउंट, म्हणजे लाईटच्या तोंडावरची जोडणी. हा माउंट असला की कुठल्याही कंपनीचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारा कापडी डबा) बसतो आणि उद्या लाईट बदललात तरी सॉफ्टबॉक्स वाया जात नाही.

सॉफ्टबॉक्स मोठा घ्या, अष्टकोनी, ९५ सेंटिमीटर तरी. १२० मिळाला तर आणखी छान. साडी म्हणजे पाच फूट उंचीची वस्तू, तिच्यावर लहान डबा लावून खांदे उजळतात आणि निऱ्या अंधारात. लाईट किती लांब ठेवायचा तेही यावरच. खांद्याच्या उंचीवर, डमीपासून तीन फुटांवर ठेवलात तर निऱ्यांच्या तळाशी खांद्याच्या एक तृतीयांशही प्रकाश पोचत नाही. सहा फुटांवर नेलात तर दोन तृतीयांशाच्या आसपास पोचतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई, हे शाळेतलं भौतिकशास्त्र इथे कामी येतं. ४५ अंशांत सहा फूट म्हणजे बाजूला सव्वाचार फूट. तुमच्या दहा फुटी रुंदीत बसतं.

दुसरा लाईट आत्ता नको. त्याच्या जागी पांढरा सनबोर्ड, फ्लेक्स-बोर्ड करणाऱ्यांकडे मिळतो तो. डमीच्या दुसऱ्या बाजूला उभा करा. आणि हा नुसता पैसे वाचवण्याचा सल्ला नाही. तुमची पिस्ता भिंत आत्ता हेच काम करते आहे, फक्त हिरव्या रंगात. लाईट भिंतीवर आपटून परत येतो तो पिस्ता होऊन येतो. पांढऱ्या सुती साड्या हिरवट आणि गुलाबी साड्या मळकट दिसत असतील तर निम्मं कारण तिथे आहे. भिंत रंगवायची नाही ना, मग डमीच्या दोन्ही बाजूंना पांढरं काहीतरी लावा. बोर्ड, चादर, काहीही, फक्त शुभ्र आणि बिननक्षीचं.

फोटो काढताना बाकीचे सगळे दिवे बंद. ट्यूबलाईट साधारण ६५०० ची निळसर, पिवळा बल्ब २७००-३००० चा, खिडकीतला प्रकाश दर तासाला निराळा. हे सगळे एकत्र आले की कुठलाही कॅमेरा गोंधळतो, एक बाजू बरोबर केली की दुसरी बिघडते. पडदा लावा, दिवे घालवा, एकच लाईट. पावसाळ्याचा प्रश्नही तिथेच मिटला. पंखा पण बंद, पदर हलतो.

कॅमेऱ्याचं सांगतो, पण आधी वरचं सगळं आणा आणि तुमच्या फोनवरच आठवडाभर काढून बघा.


कुर्तीवाली, घणसोली

मी तर म्हणेन कॅमेरा घेऊच नका. मी ऑनलाइन बाजारावर कुर्त्या विकते, सगळे फोटो फोनवर. माझा लाईट, स्टँड, पडदा, ट्रायपॉड धरून खर्च दहा हजारांच्या आत बसला.

फक्त फोन त्याच्या मनाने चालू द्यायचा नाही. प्रो मोडमध्ये जायचं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं याची सेटिंग) ५५०० च्या आसपास ठेवून कुलूप. नाहीतर लाल साडीनंतर निळी लावली की फोन स्वतःहून रंग बदलतो, आणि एकाच कापडाचे दोन फोटो दोन गावचे दिसतात. एआय, एचडीआर, सीन ओळखणं, जे काही असेल ते बंद. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, दुसऱ्या शटरला फोटोत आडवे पट्टे येतात.

आणि दोन पट झूमवर काढायचं, मागे सरकून. फोनची मुख्य लेन्स फार रुंद असते. जवळून काढलं की छाती रुंद आणि घेर निमुळता दिसतो. एका बाईंनी मला विचारलं होतं की कुर्ती खाली इतकी चिंचोळी का शिवली आहे!

अजून एक, स्वतःच्या फोनचा डिस्प्ले "व्हिव्हिड" वर असेल तर "नॅचरल" वर आणा. मी रंग बरोबर करायचे ते माझ्या भडक पडद्यावर बघून. मग गिऱ्हाइकाच्या पडद्यावर सगळं फिकं.

पुढे ॲमेझॉनसारख्या ठिकाणी विकायचं असेल तर पहिल्या फोटोची मागची बाजू शुद्ध पांढरी लागते, म्हणजे तिन्ही रंग २५५. वस्तूने फोटोचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा आणि झूम चालण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल. ते फोनला सहज जमतं.


लग्नसराई, कळवा

लाईटबद्दल एफ-आठ यांच्याशी माझं जरा वेगळं मत. डमी असेल तर एलईडी ठीक. पण ताईंनी लिहिलंय की कधी बहीण साडी नेसते. माणूस हलतो. १/१२५ शटर आणि एफ ८ ठेवलं की ६० वॉटचा एलईडी सॉफ्टबॉक्समागे गुदमरतो, आयएसओ भरमसाट चढवावा लागतो आणि काळ्या साडीत दाणे दिसतात. त्याच पैशांपेक्षा कमीत एक साधा मॅन्युअल फ्लॅश, गोडॉक्स टीटी ६०० सारखा, एक ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा) आणि एक मोठी पांढरी छत्री येते. आयएसओ १००, एफ ८, बहीण गिरकी घेऊ दे, पदर स्थिर. शिवाय फ्लॅश खिडकीच्या उजेडाला खाऊन टाकतो, पडदे लावायचीही फार गरज नाही.

फ्लॅश घेणार असाल तर शटर १/२०० च्या वर नेऊ नका, फोटोत काळा पट्टा येतो.

आणि हे नीट वाचा, कारण यात माझ्या ओळखीतले लोक फसलेत. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिनच नाही. जुने साधे ट्रिगर सगळे त्या मधल्या पिनवर चालतात. ट्रिगर बसतो, दिवा लागतो, फ्लॅश काही उडत नाही. गोडॉक्सचा एक्स-टू-टी कॅननसाठीचा घेतला तर त्यांच्यावर चालतो. जुन्या पहिल्या २००डीला मधली पिन आहे, तिथे हा घोळ नाही. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.


एफ-आठ, ठाणे

कळवेकरांचं फ्लॅशबद्दल बरोबर आहे, रोज मॉडेलवर शूट करणाऱ्याने फ्लॅशच घ्यावा. माझ्या स्टुडिओतही कामाला फ्लॅशच आहेत. पण ताई एकट्या काम करणार, एका हातात टाचण्या आणि दुसऱ्या हातात पदर. एलईडीत प्रकाश कुठे पडतोय ते डोळ्यांना दिसतं, निरी सरळ करतानाच कळतं. फ्लॅशमध्ये प्रत्येक वेळी फोटो काढून बघा, मग स्टँड हलवा, मग पुन्हा. हे शिकायला वेळ जातो आणि त्या वेळात माल पडून राहतो. बहिणीच्या फोटोंसाठी आयएसओ ८०० वर गेलं तरी व्हॉट्सॲपवर काही बिघडत नाही.

फोनबद्दल घणसोलीच्या ताईंशी निम्मा सहमत. कुर्तीला पुरे. इरकलला आणि विशेषतः राणी रंगाला मला फोन पुरेसा वाटत नाही, कारण पुढे लिहितो तो हिस्टोग्राम (फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा आलेख) फोनमध्ये नीट मिळत नाही.


इरकलवाली, नेरुळ

सगळ्यांचे आभार. टेप घेऊन हॉल पुन्हा मोजला, एका भिंतीला शोकेस आहे ती धरून रुंदी साडेआठच भरते. काका, मग लाईट सहा फुटांवर बसेल का? आणि काळी चंद्रकळा, वांगी आणि राणी, या तिघींचं काय करायचं ते सांगाच. बाकीच्या रंगांवर मी कशीबशी मात करते.

आणि कॅमेरा जुना घ्यायचा झाला तर कुठे बघू? काय तपासू?


एफ-आठ, ठाणे

साडेआठ असेल तर डमी मधोमध उभी करू नका. शोकेसच्या बाजूला सरकवा, तिथे सनबोर्ड शोकेसच्या काचांपुढेच उभा राहील. काचेतली चमकही झाकली जाईल. लाईटला दुसरी बाजू पूर्ण मोकळी.

आता तिघी. आधी सगळ्यांना लागू पडणारं: एक ग्रे कार्ड घ्या, १८ टक्के राखाडीचं. लाईट लावून झाला की साडीपाशी कार्ड धरून एक फोटो. त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि एक्स्पोजरही (प्रकाश किती घ्यायचा ते). मग कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाकून विसरून जा. लाईट हलत नाही तोवर एकच फोटो पुरतो.

काळीचं दुखणं यातच बरं होतं. कॅमेरा ऑटोमध्ये असला की समोर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं, तो सगळ्याची सरासरी राखाडी करायला बघतो. काळी साडी दिसली की म्हणतो अंधार आहे, आणि प्रकाश वाढवतो. म्हणून तुमची चंद्रकळा विटकी दिसते. उलट पांढरी साडी तो मळवतो. कार्डावर एक्स्पोजर ठरवून कुलूप लावलं की काळं काळं येतं. मग प्रश्न उरतो निऱ्या दिसण्याचा. त्यासाठी लाईट आणखी बाजूला न्या, जवळजवळ ९० अंशांपर्यंत, म्हणजे प्रकाश कापडावरून घासत जाईल. समोरच्या बाजूने सनबोर्ड अगदी जवळ, फोटोच्या चौकटीला टेकेल इतका आणा. काळ्या कापडावर जे दिसतं ते म्हणजे त्या पांढऱ्या बोर्डाची पुसट झाक. ती मिळाली की प्रत्येक निरीला कड येते. मागे पांढरा पडदा नको, मध्यम राखाडी किंवा मातकट. आणि कपड्यावरची कुसं काढणारा चिकट रोलर जवळ ठेवा, काळ्यावर पांढरा एकेक धागा चांदणीसारखा चमकतो.

राणी. या रंगात लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लालचा हिस्सा, बाकीच्यांच्या आधी भरतो. फोटो एकंदरीत ठीक दिसतो, पण लालमध्ये पुढे जागाच उरलेली नसते, म्हणून बुट्टे आणि जमीन एक होऊन जातात. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय असते, ती लावून ठेवा. लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली घ्या आणि पुन्हा काढा. नंतर संगणकावर उजळता येतं. उडालेला तपशील परत येत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न बदललेल्या मूळ फाईलमध्ये काढा. त्यासाठी पैसे मोजायचे नाहीत: कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट आहे, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट, डार्कटेबलही फुकट. शेवटी फाईल एसआरजीबी या रंगपद्धतीतच बाहेर काढा. अडोबी आरजीबीत राहिली तर कित्येक फोनवर रंग मेलेले दिसतात.

वांगी सगळ्यात हट्टी. आपला डोळा आणि कॅमेऱ्याचे लाल-हिरवे-निळे फिल्टर रंग सारखे वाचत नाहीत, आणि जांभळ्या-निळ्याच्या हद्दीवर हा फरक चांगलाच जाणवतो. व्हाइट बॅलन्स बरोबर असूनही वांगी निळीकडे झुकते. सगळा फोटो तांबूस करून ती दुरुस्त करायला जाऊ नका, काठ बिघडतो. सॉफ्टवेअरमध्ये फक्त जांभळ्या आणि निळ्याचा ह्यू (रंगछटा) हलवा, आणि हे करताना साडी हातात असू द्या, खिडकीपाशी, दिवसा. एकदा जमलं की ती सेटिंग नाव देऊन साठवा, पुढच्या वांगीला तिथून सुरुवात.

खणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. इतकी बारीक, सलग वीण असली की फोटोत कधी कधी पाण्यावरच्या तवंगासारखे रंगीत पट्टे उमटतात. आधी फोटो पूर्ण मोठा करून बघा. मोठा केल्यावर पट्टे नाहीसे झाले तर ते फक्त पडद्यावर लहान दिसण्यामुळे आहेत. राहिले, तर कॅमेरा अर्धा फूट पुढे-मागे करा किंवा जरा तिरका. निकॉनच्या डी३३०० आणि त्यानंतरच्या त्या मालिकेत सेन्सरपुढचा लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील जरा मऊ करणारी काच) नाही, त्यामुळे तपशील कणभर जास्त आणि हे पट्टेही जरा जास्त. खणासाठी म्हणून मी कॅननकडे झुकेन.

कॅमेरा कुठला, तर पहिली २००डी किंवा ७००डी, जुनी, किट लेन्ससकट. दोघींचा मागचा स्क्रीन बाहेर वळतो. घड्यांचे फोटो वरून काढताना तो खाली वळवून बघता येतो, स्टुलावर चढावं लागत नाही. लॅपटॉप असेल तर केबल लावा, ईओएस युटिलिटी फुकट आहे, फोटो थेट मोठ्या पडद्यावर. ७००डी १८ मेगापिक्सेलची आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. इन्स्टाग्रामला १०८० पिक्सेल रुंदी लागते.

किमती मुद्दाम लिहीत नाही. लिहिलेली किंमत घेऊन लोक दुकानदाराशी भांडतात आणि नंतर माझ्याशी. पण वाटणी सांगतो: लाईट, सॉफ्टबॉक्स, स्टँड, ट्रायपॉड, बोर्ड, कार्ड आणि कपड्यांची वाफेची इस्त्री यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात कॅमेरा. इस्त्री यादीत बघून हसू नका. चुण्या काढायला संगणकावर जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन साड्या नेसवून होतात.


बोराबाजार-प्रेमी, सीवूड्स

जुन्या कॅमेऱ्यासाठी फोर्टातला बोरा बाजार. नेरुळहून हार्बरने थेट सीएसएमटी, तिथून चालत. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

सोबत मोबाईलची टॉर्च आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी सोडा. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, नीट न ठेवलेल्या लेन्सचं दुसरं काही होत नाही. दोन-चार धुळीचे कण असतील तर हरकत नाही.

मग एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा. सेन्सरवरची घाण ठिपक्यांसारखी दिसते. साफ होते, पण भाव कमी करून घ्या. निकॉन असेल तर किती फोटो मारलेत तो आकडा फोटोच्या फाईलमध्येच असतो. डी३५०० चा शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेला असतो, त्यावरून अंदाज घ्या. कॅननच्या बहुतेक बजेट कॅमेऱ्यांत तो आकडा फाईलमध्ये येत नाही, तेव्हा बाहेरची झीज बघा: ग्रिपचं रबर सैल आहे का, फ्लॅशच्या खाचेचा रंग खरवडलाय का. लग्नात राबलेला कॅमेरा तिथे ओळखू येतो. कळवेकर, राग मानू नका.

निकॉन डी३००० किंवा डी५००० मालिकेतला घेतलात तर स्वस्त मिळते म्हणून ५० ची जुनी डी लेन्स घेऊ नका. त्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं हवं; एएफ-पी लेन्स डी३३००, डी५२०० आणि त्यानंतरच्या कॅमेऱ्यांवरच चालते.

बिल घ्या. दुकानाची महिन्याभराची तोंडी गॅरंटी असेल तर तीही बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत.


लग्नसराई, कळवा

राग नाही. पण माझ्या कॅमेऱ्याचं रबर मीच बदलून घेतलंय, तेव्हा नुसत्या रबरावर जाऊ नका.


इरकलवाली, नेरुळ

ठरलं. एलईडी, १२० चा सॉफ्टबॉक्स, ट्रायपॉड, ग्रे कार्ड आणि वाफेची इस्त्री आधी. त्यावर फोनच्या प्रो मोडमध्ये एक लॉट काढून बघते, कुर्तीवाल्या ताईंनी सांगितलं तसं दोन पट झूमवर. राणी रंग फोनमध्ये आलाच नाही तर बोरा बाजार. वाशीच्या दुकानदाराचा हप्त्यांसाठी पुन्हा फोन आला होता, रिंग लाईटवर आता बॅगही देतो म्हणाला.

सनबोर्ड किती जाड घेऊ? आणि तो उभा कसा करायचा? तेवढ्यासाठी आणखी एक स्टँड घ्यायचा का?


एफ-आठ, ठाणे

पाच मिलिमीटरचा. आठ बाय चारचा अख्खा पत्रा येतो, दुकानातच लांबीच्या दिशेने मधोमध कापून घ्या, आठ फुटी दोन पट्ट्या होतील. दोघांना मागून कापडी टेपने जोडा, पुस्तकासारखं उघडझाप होईल असं. अर्धवट उघडून जमिनीवर ठेवलं की स्वतःच उभं राहतं, स्टँड नको. काम झालं की मिटून शोकेसमागे. चकचकीत नको, मॅट बघून घ्या. आणि एका बाजूला काळा कागद चिकटवून ठेवा. पांढऱ्या सुती साड्या काढाल तेव्हा ती काळी बाजू साडीकडे करा, कडा उठून दिसतात.

आणि सॉफ्टबॉक्सचा स्टँड हलका असेल तर पायाला तांदळाची पाच किलोची पिशवी बांधा. १२० चा अष्टकोन पुढे झुकतो, आणि खाली तुमची साडी असते.